बंदीचे दोन महिने

माझी तिन्ही पोरं शिमग्याची.
मांडावर ढोल, आत माझ्या कळा.
तांबळडेगच्या बायका हसतात:
हिचं कॅलेंडर ट्रॉलरवर छापलेलं.

एक जूनला बंदी. नवरा घरी.

आशाताई वही उघडते,
"तुझो घोव दर्यार, तुका कित्याक व्हयी गोळी?"
आणि माझ्या नावापुढे काट मारते.

मागच्या आठवड्यात उपकेंद्रात गेले,
पाकिटं संपलेली.
तांबी बसवायला देवगडला निघाले
तर एसटीत शेजारी सासूची बहीण.
खंय गो?
कान दुखतो, म्हटलं.
ती दवाखान्याच्या दारापर्यंत आली,
मग आतही आली.
कानाचे थेंब घेऊन परतले.
बाटली फळीवर आहे, सील न फोडलेली,
सुक्या गोलम्याच्या डब्याला टेकून.

आज गावच्या होड्या वर ओढताहेत.
संध्याकाळच्या गाडीने वास्कोहून तो उतरला.
पोरं धावली,
मागोमाग मीही, पदराला हात पुसत.
डिझेल, बर्फ, सुरमई, त्याखाली त्याचा स्वतःचा वास.
आवडतो मला तो.
हे कुणी विचारलं नाही, वहीतही नाही.

पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाला,
"कान बरो झालो?"