अकरा मिनिटं

मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी
आम्ही सावद्याला झोपेंच्या गच्चीवर जमतो.
दिवसभर पंचेचाळीस डिग्री खाल्लेली गच्ची
रात्री नऊलाही तळवे भाजते,
म्हणून आधी बारा बादल्या पाणी, मग सतरंजी,
मग तो टीव्ही, ज्यात डावीकडचे सगळे ग्रह हिरवे दिसतात.

मालिकेचं नाव ‘दूरतळ’. तेरा भाग.
तुम्ही पाहिली नसेल.
यान पुठ्ठ्याचं होतं, ते आम्हालाही कळायचं.
‘छप्पन्न’ नावाचा यंत्रमानव चालायला लागला
की आतल्या माणसाच्या चपला वाजायच्या.
पण संदेशकक्षातली ती बारकीशी मुलगी
दर भागाच्या शेवटी माईकवर वाकून विचारायची,
“दूरतळ बोलतंय. ऐकणारं कुणी आहे का?”
आणि केळीच्या वखारीमागच्या एका खोलीत
आम्ही नऊ पोरं एकदम ओरडायचो :
आहे!

हेमलता भारंबेनं तेव्हा वेफर्सच्या पाकिटांची
चंदेरी बाजू वर काढून गणवेश शिवला होता.
आता ती फैजपूरला फिजिक्स शिकवते
आणि तो गणवेश तिला दंडातच अडकतो.
रफिक मण्यार रावेरच्या स्टँडवर
छप्पन्नच्या आवाजात गाड्या पुकारतो,
एखादा अनोळखी प्रवासी दचकून हसला
तर ड्यूटी सोडून त्याला चहा पाजतो.
असे आजवर चार भेटले.

तेराव्या भागात कप्तान सातव्या दाराशी पोचली.
वर्षभर बंद असलेलं दार.
तिनं हात लावला
आणि लाईट गेली.

अकरा मिनिटं.
आली तेव्हा नुसती नावं वर सरकत होती,
शेवटचं नाव सुताराचं.

फ्यूज काढणारा माणूस गावातलाच निघाला,
दिगंबर कोल्हे, वायरमन.
त्याला आम्ही शिक्षा दिली : दरवर्षी
बामणोदची वांगी पऱ्हाटीवर भाजून सगळ्यांना भरीत.
तीस वर्षं तो मुकाट्यानं ठेचतोय मिरच्या
आणि आम्ही दाराआड काय होतं ते सांगतोय.
हेमलताच्या दाराआड दुसरं, हुबेहूब यान.
रफिकच्या, कप्तानची आई.
माझ्या दाराआड दर साली वेगळंच काही,
यावरून भांडणं झालीत. एकदा तर पातेलं उलटलं.

यंदा अकोल्याहून एक पाहुणे आले, मंगरूळकर,
पोस्टातून निवृत्त. बनियनमध्ये गुंडाळलेली कॅसेट.
अकोल्यात त्या रात्री लाईट होती.
कुणी घास घेतला नाही.
कप्तान दाराशी. हात. आणि मग
पडद्यावर एक पाटी : व्यत्यय.
फूलदाणी. बासरी. अकरा मिनिटं पाटी.
मग सुताराचं नाव.

खाली कुणाचा तरी कूलर टपटपत होता.
“म्हंजे,” दिगंबरभाऊ हात पुसत म्हणाले,
“माह्यामुळे नव्हतं गेलं काही?”
कुणाला तोंड वर करवेना.
मंगरूळकर उगाच कॅसेट पुसत बसले.
शेवटी हेमलता म्हणाली, “भाऊ, तुम्हाला कधी विचारलंच नाही.
तुमच्या दाराआड काय होतं?”

“मी त एकबी भाग पाहेल नाही,” ते म्हणाले.
“मी खांबावर व्हतो.
सगळं गाव इझेल. निस्ती टेसनावर
केळीची वॅगन भरू राहिले व्हते.
दार उघडं. मानसं कंदील घेऊन आत जायेत,
आत सगळं हिरवं, थंडगार,
वास पार वरपर्यंत.
तितक्यात अंधारातून पोरं वरडले, आहे!
कुनी काही इचारेलबी नव्हतं.”

ओरडलो होतो आम्ही. सवयीनं, वेळ झाली म्हणून.
हे आम्हीच विसरलो होतो.

“माले वाटलं, मलेच सांगू राहिले.
मंग मीबी वरून म्हन्लं,
हाये.”