घड्याळाचा सेल

इलोइलोत, हार्डवेअरच्या दुकानावर आमचा वर्ग.
खालून पत्रा कापल्याचा आवाज, पंखा एकच,
आणि कॉटवर लोला, म्हणजे आजी,
रबराची, टकली.
दोन सेलांवर तिची छाती खालीवर होते.
त्यातला एक भिंतीवरच्या घड्याळाचा.
म्हणून आमचा तास असतो तेव्हा घड्याळ बंद.

सहा महिने आम्ही तिची कूस बदलत आलोय.
तिला न उठवता चादर काढायची,
कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करायचे,
पाणी घशात नाही, फक्त ओठांवर.
रॉसवेलिनला हैफाचा व्हिसा आलाय,
मला त्रिएस्ते. तिथल्या म्हाताऱ्या म्हणे
ऊन आलं की खिडकी लावून घेतात.

आज मॅडम पेर्पेतुआ आल्या,
काही न बोलता लोलाची पाठ उघडली
आणि दोन्ही सेल काढून मुठीत धरले.
छाती अर्धी वर आली होती. तिथेच राहिली.

"आता काय कराल?"

रॉसवेलिनने मनगट धरलं.
मी म्हटलं, घरच्यांना फोन.
कुणी म्हणालं पाद्री, कुणी एजन्सीचा नंबर.
"होईल ते सगळं," मॅडम म्हणाल्या. "आधी बसा."

बसलो.
कुणीतरी फिस्सकन हसलं. खाली पत्रा कापायचा थांबला.
आणि जर्विन,
ज्याचा भाऊ जहाजावर गेला आणि परत फक्त बॅग आली,
तो लोलाचा रबरी पाय धरून रडायला लागला.
आम्ही पुस्तकातलं वाक्य शोधत होतो, पान चौऱ्याहत्तर,
'तुमचं दुःख मी समजू शकते.'
मॅडमनी स्टूल त्याच्याजवळ ओढलं. एवढंच.
स्टुलाचा एक पाय आखूड. त्या डुगडुगत बसून राहिल्या.

मग, खिडकीकडे बघत:
"माझी आई गेली तेव्हा
मी दुसऱ्या कुणाच्या आईला न्हाऊ घालत होते.
केसांत साबण होता तिच्या, तसा ठेवून कसं उठायचं?
रात्री तांदळाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला.
त्यात शवपेटी, शवपेटीवर काच.
आपल्याकडे म्हणतात ना, त्या काचेवर आसू पडू देऊ नये,
जाणाऱ्याचा पाय जड होतो, निघवत नाही त्याला.
माझे पडले. फोनच्या काचेवर.
बाहीने पुसले.
ते धरतात की नाही, कुणाला विचारू?"

कुणी बोललं नाही.
परीक्षेत हे येत नाही.

शेवटी फॉर्म. नाव, वय, खोली क्रमांक,
मृत्यूची वेळ.
सगळ्यांनी एकदम भिंतीकडे पाहिलं.
काटे सकाळपासून सव्वानऊवर.
जर्विनने नाक पुसलं आणि तेच लिहिलं.
मॅडमनी खोडलं नाही.