हातात किती

नवापूरहून निघाले तेव्हा पिशवीत
झेरॉक्सचे तीन संच, मूळ कागद प्लॅस्टिकमध्ये,
आणि आईने बांधून दिलेलं लाल तिखट:
तिकडचं जेवण गोड असतं म्हणे.
सुरतेला गाडी बदलली.
बडोद्याला उतरले तेव्हा उजाडत होतं,
रात्रपाळी सुटायची वेळ.
ती मला ओळखू येते कुठल्याही शहरात:
बायका चालत असतात
पण पाय वॉर्डातच राहिलेले असतात.

कारेलीबागेत ट्रस्टचं हॉस्पिटल.
अठरा हजार. राहायला खोली, चौघींत एक पंखा.
वाढीव वरण मागितलं तर मिळतं.
सर्टिफिकेटं मात्र कपाटात, त्यांच्या कपाटात,
दोन वर्षं.
‘सांभाळीने राखीशुं, बेन,’ कारकून म्हणाला
आणि किल्ली जानव्याला अडकवली.

गोत्रीला काचेची इमारत.
सव्वीस हजार पाचशे, छापील.
एचआरची मुलगी माझ्याहून लहान. तिने कागद फिरवला
आणि आकडा एकेक पायरी उतरत गेला:
पीएफ माझा, पीएफ त्यांचा, दोन्ही माझ्यातूनच,
गणवेश, विमा, बसचे पैसे.
‘हातात किती?’
‘एकवीस नऊशे.’
रात्री एका सिस्टरला पेशंट किती,
यावर तिच्याकडे फक्त इंग्रजीतलं हसू होतं.

मी मागच्या जिन्यात थांबले.
आयसीयूतून एक जण बाहेर आली. छातीवर पाटी: भाविशा.
बोलली काहीच नाही.
ग्लोव्ह काढता काढता
एका हाताची पाच बोटं उघडली,
दुसऱ्याची दोन.

मांजलपूरला डॉक्टरांची बायकोच काउंटरवर.
सोळा, रोख, पाकिटात. स्लिप नाही.
‘जमी लीधुं?’ तिने विचारलं, खाकऱ्याचा डबा पुढे केला.
मी खाल्ला.
माझ्या भुकेने अजून कुणाकडे
नियुक्तिपत्र मागितलेलं नाही.

रात्री वाघोडिया रोडवरच्या कॉटवर
ईसीजीच्या उरलेल्या पट्टीमागे हिशेब मांडला
सलाइनचा मांडतात तसा:
एकूण किती, किती तासांत, मिनिटाला थेंब किती.
ट्रस्ट, आठ तास, सव्वीस दिवस: तासाला साडेशहाऐंशी.
काच, बारा तास: तासाला सत्तर.
बाटली मोठी,
सुई बारीक.

आईचा फोन. ‘कितीला ठरलं?’
बाजारात नेलेल्या शेळीचं विचारावं तसं.
‘ठरलं नाही. मोजतेय.’
‘दिवाळीला सोडतात का, ते विचार आधी.’
ते मी कुठेच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ट्रस्टने दोन तास वॉर्डात बोलावलं, हात बघायला.
सात नंबरचे काका म्हणाले, ‘झाडा थई गया छे,’
आणि मी वेड्यासारखी खिडकीतून लिंबाकडे पाहिलं.
सगळा वॉर्ड हसला. चादर बदलताना मीही.
पगाराला इथेही पगारच म्हणतात, तेवढा शब्द शिकायला नको.
पण रजा इथे पेशंटला मिळते.
आमच्याकडे रजा मागणारा उभा असतो,
इथे झोपलेला.

खाली येऊन कारकुनाला म्हटलं, पावती द्या:
मूळ कागद चार, मिळाले, तारीख, सही.
‘अशी पावती कोणी मागत नाही.’
‘मी मागतेय.’
त्याने जानवं चाचपलं.
मोठ्या साहेबांना विचारतो म्हणाला आणि आत गेला,
अजून आतच आहे.

मी परत वर आले. बीपीचा पट्टा राहिला होता.
‘तमे रहेवानां?’ सात नंबरने विचारलं.
मी त्याचं मनगट धरलं, घड्याळ बघितलं,
पूर्ण एक मिनिट.
नाडी मोजताना सिस्टर बोलत नाहीत
हे त्याला माहीत होतं.