फुली

मी सात वर्षांची होते म्हणे.
कागदावर तसं लिहिलंय,
आणि त्या कागदाइतकं माझ्याबद्दल
कुणालाच माहीत नव्हतं.
सेंट ओसिथच्या पायरीवर सापडले म्हणून आडनाव स्टेअर,
केझाया हे बायबल जिथे उघडलं त्या पानावरचं.

करार एकवीस वर्षं पुरी होईतो.
खाली माझी सही : एक फुली.
ती मी काढलेली नाही.
मी तेव्हा पेंढ्यात झोपले होते, गाडी जुंपलेली होती
आणि कारकुनाला जेवायला जायची घाई.
एकवीस मुलं, एकवीस फुल्या, सगळ्या एका हाताच्या,
उजवीकडे किंचित कललेल्या.

दर मुलामागे पॅरिशने चार पौंड मोजले,
घ्यायला नव्हे, देऊन टाकायला.
दोन आधी, दोन सहा आठवड्यांनी, मूल तगलं तर.
आणि वीस शहाण्यांमागे एक वेडं
गिरणीवाल्याने मुकाट पदरात घ्यायचं.
आमच्या खेपेतलं वेडं म्हणजे ओबेड.
डर्बीशायरपर्यंतचे चार दिवस
आम्हां सगळ्यांची नावं त्यालाच तेवढी आठवत होती.

गिरणीत हवा पांढरी होती.
पेळू, चात्या, तुटला धागा, सांध;
तुटला, सांध.
यंत्र मागे सरकलं की खाली घुसायचं, कापूस झाडायचा,
ते पुढे यायच्या आत बाहेर.
डोकं खाली ठेवायचं, एवढंच शिक्षण.
रविवारी उरलेलं : चोरी करू नये.

आमची खाट कधी गार पडत नसे.
रात्रपाळीची मुलगी उठून गेली की मी,
मी उठले की ती.
जिन्यात दोन रांगा अंधारात एकमेकींना घासून जायच्या,
त्यातली ती कुठली, मला कधी कळलं नाही.
तिची ऊब मात्र पाठ होती.
भिंतीकडे तोंड, गुडघे पोटाशी :
मी त्याच खळग्यात शिरायचे.
तिला यंत्राच्या तेलाचा वास होता. मलाही असणार.

एकदा गादीखाली बटण सापडलं, शिंपल्याचं.
मी तिथे ओटच्या भाकरीची कोर ठेवली.
मग एक पीस, मग दोऱ्याची गाठ, मग पुन्हा तेच बटण.
नऊ महिने आम्ही बोलत होतो.
नाव विचारायचं सुचलंच नाही,
आणि बटणाने नाव कसं विचारतात?

फेब्रुवारीत एका संध्याकाळी खाट गार लागली.

सकाळी मी तरी कोर ठेवली.
रात्री तशीच होती.
चौथ्या दिवशी नव्हती. मला इतका आनंद झाला,
मग उंदराच्या लेंड्या दिसल्या.
आठवड्याने खाट पुन्हा उबदार,
पण खळगा दुसराच, लांबट,
कुणीतरी उताणं झोपणारं.

पुढे थोडी अक्षरं आली.
मुकादमाची खोली झाडताना वही उघडी होती.
खाट एकोणीस, रात्र : डॉर्कस,
आडनावाच्या जागी शाई सांडलेली
आणि नावावर फुली.
ही सरळ होती. हिला कुणी घाई केली नव्हती.

मी एकवीस वर्षांची झाले, तारीख त्यांनीच ठरवली.
त्याच वर्षी लग्न.
चर्चच्या नोंदवहीत मी पुरं नाव लिहिलं,
एकही अक्षर न चुकता,
आणि शेजारी एक फुली काढली.

"लिहिता येतं ना तुला?" पाद्री म्हणाला,
"मग ही कुणाची?"
साक्षीदाराची, म्हटलं.

त्याने चाकू घेऊन ती खरवडली.
कागद तिथे पातळ झालाय.
खिडकीकडे धरला तर
तेवढ्याच जागेतून उजेड येतो.