गळलेला प

बाबांच्या ओठांना डावीकडून कुलूप लागलं
त्या रात्री दांडिया बाजारात वरात अडकली होती,
रुग्णवाहिका सूरसागराला वळसा घालून आली.
सकाळी त्यांनी मागितलं, "आणी."
नर्स म्हणाली, आणि काय, काका?

मला कळलं.
सतरा वर्षं मी त्यांची कार्डं लावते आहे
बुटांच्या खोक्यांत, अकारविल्हे.
डावीकडे हिरव्या शाईत संस्कृत,
उजवीकडे जांभळ्या शाईत जुनी आयरिश.
इकडे पूर्ण, तिकडे लान.
इकडे पितर, तिकडे अथिर.
पश्चिमेला जाता जाता त्या लोकांचा
शब्दाच्या तोंडचा प सांडला,
फाटक्या पोत्यातून बाजरी सांडावी तसा,
आणि मागे वळून कोणी पाहिलं नाही.

"बडोद्यात बसून आयरिश शिकून मिळतं काय?"
आई विचारायची, दर महिन्याला, वाण्याची यादी करताना.
"गाय," बाबा म्हणायचे.
"त्यांची बो, आपली गो. एकाच गोठ्यातल्या."
मग ते त्या राजांचं सांगत,
जे सिंहासनापेक्षा जनावरांसाठी लढले,
आणि प्रत्येक मेलेल्याचं नाव घेतल्याशिवाय
ज्यांचे भाट पुढे सरकत नसत.
भाजी करपायची.

एकदा पादऱ्याच्या रस्त्यावर स्कूटर थांबवली.
शेताच्या बांधाला एक पाळिया,
शेंदूर फासलेला, वर चंद्र-सूर्य, खाली घोडेस्वार.
बाबा दगडाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले
आंधळ्यासारखे.
"तिकडे कडेला खाचा असतात. खालून वर वाचायच्या.
आणि नाव फक्त षष्ठीत.
अमक्याचा, तमक्याच्या मुलाचा.
कोण, काय, ते लिहितच नाहीत.
प्रथमा म्हणजे तो दगड."
एक म्हातारा बिडी विझवून जवळ आला,
"गायोनी वारे चड्यो'तो, साहेब."
गाईंच्या मागे धावून गेला होता.
केव्हा, ते त्याला माहीत नव्हतं. नावही नव्हतं.
बाबांनी पेट्रोलच्या बिलामागे ते वाक्य उतरवलं,
विभक्तीसकट.

आता उत्तरायणाच्या आठवड्यात
बोलणं शिकवायला रिद्धी पंचाल.
खिडकीबाहेर आभाळभर कागद.
"बोलो दादा, पतंग."
"अतंग."
"पप्पा."
बाबा थांबले. मग स्वच्छ, एका श्वासात, "अथिर."
तिने रकान्यात फुली मारली.
बाबांनी उजव्या हाताने कार्ड मागितलं, लिहिलं,
त्यांना हजार वर्षं लागली. मला एक रात्र.
अर्ध्या तोंडाने हसले. लाळ मी पुसली.

निघताना काउंटरवर फॉर्म. रुग्णाशी नातं.
मी लिहिलं, "अच्युत कारखानीस यांची".
"यांची कोण, बेन? आगळ लखो ने."
मी समोरच उभी होते,
हातात त्यांची पाण्याची बाटली.
शेवटी तिनेच कागद ओढून लिहिलं, दीकरी.