बारावी गाय

काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर,
जांभळट रंगवलेला.
तेलात बुडालेल्या भिंगाखाली
लाल पेशीच्या अगदी कडेला, समासात,
एक टिंब.
अनुस्वार द्यायचा राहिला
आणि मागाहून कुणाला आठवला,
तसं.

ॲनाप्लाझ्मा म्हणतात त्याला.
गोठ्यात हे नाव कुणी घेत नाही.
रामसुमेर फोनवर एवढंच म्हणाला,
"मॅडम, गाय पिवळी पडली, खात नाय."
जोगेश्वरीचा गोठा, गाई बारा,
बारा नळ्या थर्माकोलच्या डब्यात,
बर्फ मासळीबाजारातला.
रिक्षा वांद्र्यापर्यंत, पुढे परळला टॅक्सी;
टॅक्सीवाल्यानं दोनदा नाक उडवून विचारलं
बांगडा आहे का.

मी त्याला गाईंचं रक्त आहे म्हणाले नाही.

आठवड्यानं अक्षरं आली.
चारच अक्षरांची भाषा,
बारा गाईंची बाराखडी,
एकीखाली एक मांडून
मी आणि वैदेही फडणीस
रात्री दहापर्यंत पडद्यावर बोट फिरवत बसलो.
जनुकात एक तुकडा असतो
अडखळणाऱ्या माणसासारखा,
तेच तेच परत म्हणतो.
कुणी चारदा म्हणतं, कुणी सहादा,
त्यावरून वाण कळतो.

अंगरखा तो सारखा बदलतो म्हणे,
रक्तातल्या पहारेकऱ्यांना गुंगवायला.
पण अडखळणं तेच राहतं.

पहिली गाय : पाच.
दुसरी : पाच.
तिसरी, चौथी...
वैदेही म्हणाली, नळ्यांची अदलाबदल झाली,
तू एकीचंच रक्त अकरा वेळा आणलंस.
मी चिडले. चिठ्ठ्या माझ्या अक्षरातल्या होत्या.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या,
वाण नाही पण गुण लागला.
आमच्याकडे उलटं,
वाणच लागला, अक्षरन् अक्षर.

गोचीड इतका शिस्तीचा नसतो.
तो उडाणटप्पू, दोन गाई सोडून तिसरीला,
आज इथला, उद्या म्हशीच्या कानातला.
एका रांगेत, पहिलीपासून अकरावीपर्यंत
कोण चालत गेलं?

आणि बारावी?
तिचे तुकडे तीन, ते वेगळेच,
संगमनेरहून येताना रक्तातून आणलेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला गेले,
धारेच्या वेळेला.
बारावीच्या पायाशी पाडी होती.
ढुशा देत होती, कासेला फेस.
इतर अकरांच्या पायाशी शेण, पाणी,
पिवळा बल्ब.
वासरं कुठे गेली हे विचारायचं नसतं.
वासराविना पान्हा सुटत नाही
म्हणून रामसुमेरच्या हातात बाटली,
आणि सुई.
एक.
पहिलीच्या मानेत, मग दुसरीच्या,
मध्ये धोतराच्या सोग्याला पुसून.

मला पाहिलं तेव्हा तो सातवीपाशी होता.
थांबला नाही. आठवीच्या पाठीवर थाप मारली,
"सरक, गौरा," म्हणाला, मायेनंच.

अहवालात रकाने आहेत :
जात, वय, वेत, गोचीड होते का,
जनावर मूळ कुठलं.
सुईला रकाना नाही.
मी पेन्सिलीनं समासात लिहिलं,
टिंबाएवढ्या अक्षरात.
सरांनी विचारलं, हे काय?
वाचता आलं नाही त्यांना,
की आलं.

परळच्या दुकानातून शंभर सुयांचा खोका घेतला,
स्वतःच्या पैशानं, पावती न मागता.
रामसुमेरनं तो हातात तोलला,
बोटांवर हिशेब केला,
अकरा गाई, दोन वेळा, बावीस.
"साडेचार दिवस, मॅडम," म्हणाला.

मग चहा दिला.
दाट होता,
साय धरत होती वर.
कुणाच्या दुधाचा, विचारलं नाही.
प्याले.