हातचा एक

एक्केचाळीस शाखा. एकाखाली एक.
उजवीकडचा रकाना माणसांचा.
पडद्यावर बेरीज तयार होती,
तरी मी पेन्सिलीनं केली,
सांगलीच्या शाळेत करायचे तशी, ओठ हलवत.
लीड्समध्ये, नवव्या मजल्यावर,
कुणी ओठ हलवत नाही.
एकानं घड्याळ पाहिलं.
सात खाली, हातचे आठ.
दोनशे सत्त्याऐंशी.

सतराव्या ओळीत बॅटली. माणसं चार.

बॅटलीच्या काउंटरवर, शहाऐंशीच्या नोव्हेंबरात,
डोरीन हॅदरसेजनं माझ्या अंगठ्यावर
रबरी अंगुस्तान चढवलं.
लग्नाला अकरा महिने झालेले,
माझं इंग्रजी पुस्तकी, तिचं यॉर्कशरचं, अर्धं गिळलेलं.
"मोजताना बोलायचं नाही. कुणाशीही. देवाशीसुद्धा."
पहिल्याच आठवड्यात पाच पौंड कमी आले.
ती साडेसातपर्यंत थांबली,
नवऱ्याला फोन करून सांगितलं, बटाटे तूच उकड.
नोट सापडली खणाच्या फटीत.
मी रडायला लागले, तर म्हणाली,
आता पुन्हा पहिल्यापासून मोज.

मग मी मोजत गेले.
शाखा, विभाग, मग ती लांब खोली,
तिथे अकरा सूट आणि मी.
पहिल्या बैठकीत सगळे किटलीकडे बघत
आणि मग माझ्याकडे.
मी फायलीत बघत राहिले.
वसंतापर्यंत त्या खोलीत कुणी चहा प्यायलं नाही,
मग एक दिवस हिशेब खात्याचा ट्रेव्हर उठला
आणि सगळ्यांना ओतून, शेवटी मला म्हणाला, साखर?

मुलाच्या दातांच्या तारखा
माझ्या सेक्रेटरीला पाठ होत्या.
हेही लिहून ठेवते, खर्चाच्या बाजूला.

डोरीननं बढती तीनदा मागितली होती.
चौथ्यांदा तिनं माझं नाव पुढे केलं.
ती बोलली नाही कधी.
मला ते जुन्या फायलीत सापडलं, चौदा वर्षांनी,
जेव्हा मी तिच्या साहेबाच्या साहेबाची साहेब होते
आणि फायली उघडायचा अधिकार माझ्याकडे होता.
साहेबाचा शेरा: काउंटरवर उत्तम आहे, तिथेच राहू द्यावं.

सही मी केली. निळ्या शाईनं.
बेरीज बरोबर होती,
ओस काउंटरांना भाडं भरत राहणं चूक होतं,
मी अजूनही तेच म्हणेन.
फक्त पेन्सिलीचा कागद मी फाडला नाही.
वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात हातचे होते,
आणि पक्क्या प्रतीत हातचे लिहीत नाहीत.

शनिवारी बॅटलीला गेले, केक घेऊन.
तिचे हात आता सुजलेले, बोटांचे पेर वाकडे.
"किती?"
"एक्केचाळीस."
"दोनदा मोजलंस?"
"तीनदा."
"मग बरोबर असेल," म्हणाली, आणि सुरी शोधायला गेली.
फ्रिजवर बसचं वेळापत्रक चिकटवलेलं,
ड्यूजबरीच्या फेऱ्यांना गोल केलेले.
मी सांगायच्या आधीचे.

निघताना तिनं केकची किंमत विचारली.
नको म्हटलं. ऐकेना.
पर्स टेबलावर उपडी केली,
नाणी माझ्याकडे सरकवली एकेक करून,
सात पौंड चाळीस.
मी मोजली.
ती बघत राहिली.
मी पुन्हा मोजली.